चाकं ऐकणारा

मी कर्जत स्टेशनात तारमास्तर होतो, तेव्हा घाट चढणाऱ्या गाड्यांची चाकं एक म्हातारा हातोडीने ठोकून तपासायचा. कंत्राटदाराने हंगामापुरता घेतलेला माणूस. मान तिरकी करून, डोळे मिटून प्रत्येक ठोका ऐकायचा. आवाज खणखणीत आला की लेकराचं कौतुक करावं तसा हसायचा.

एकदा एका चाकाचा ठोका बद्द वाजला आणि तो तिथेच अडून बसला. गाडीला उशीर होत होता. गार्डसाहेब खेकसले, “कंत्राटाचा माणूस तू! उद्याच काढून टाकीन.”

“काढा, साहेब. मी कंत्राटाचा हाय, गाडीतली माणसं नाय.”

शेवटी साहेब वाकले. चाकाला केसाएवढी चीर होती. त्या चाकाचा डबा वेगळा काढून गाडी घाटाकडे गेली. शाबासकी द्यायला मी म्हाताऱ्याचा हात धरला. त्याने भीत भीत विचारलं, “मास्तर, उद्या कामावर येऊ ना?”