सरकलेले पडदे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. चळवळीतल्या सोबत्यांना तर कसं सांगणार — मी त्यांना रोज खरेपणा शिकवतो.

आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील लिहायचे, मी घड्या घालायचो. अन्याय दिसला की बोलायचं, एवढं एकच मला येतं. आणि तरी —

शीतल माझ्या गावची, कडेगावची. संगीत रचायची. तिची आई शेतात तण काढताना, भांगलताना गायची, आणि त्या गाण्यातले काही सूर पेटीवर सापडायचेच नाहीत. दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी असायचे. आई गेली. आवाज कुठं साठवलेला नव्हता. मग शीतलनं स्वतः आखणी करून मिरजेत एक वाद्य करून घेतलं. सतारीसारखंच, पण पडद्यांच्या जागा निराळ्या. दांडीवर दोऱ्यानं बांधलेले ते पितळी पडदे तिनं आईला आठवत, नुसत्या कानानं बसवले.

साताऱ्याला पहिला कार्यक्रम होता. ती आदल्या दिवशी पुढं गेली. वाद्य मी न्यायचं होतं. "जपून आण रं," म्हणाली, "दोरं नवं हायती."

वाटेत कराडला सभा होती. दहा मिनिटं, असं म्हणून उतरलो. वाद्य मंडपामागं टेकवलं. सभेच्या गडबडीत ते कुणाच्या तरी धक्क्यानं पडलं की गठ्ठे त्यावर पडले — कुणास ठाऊक. खोळ काढली तर मधले पडदे सरकलेले.

फोन करता आला असता ना? नाही केला. भाषण चांगलं झालं होतं. त्या धुंदीत होतो. शाळेत पेटी शिकलो होतो, तेवढ्या अकलेवर पडदे लावले. नेहमीच्या सुरांवर. तिच्या आईचे सूर मीच पुसले.

मी उशिरा पोचलो. तिनं घाईघाईत तारा लावल्या आणि वाजवायला बसली. आईच्या गाण्यापाशी आली आणि थांबली. पुन्हा वाजवलं. पुन्हा थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या — सभ्यपणानं.

नंतर आतल्या खोलीत तिनं विचारलं, "वाटंत काय झालं का रं? पडदं सरकलं असतील?"

मी म्हणालो, "नाही. दिलंस तसंच आणलं."

ती बराच वेळ दांडीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी मीच चुकीचं बांधलं. माज्या कानातनं आई गेली."

तेव्हा तरी बोलायचं होतं. त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, पुढच्या कुठल्याही दिवशी. मी काय केलं? कलावंतांच्या हक्कांवर एक पत्रक लिहिलं.

शीतलनं पुन्हा काही रचलं नाही. सांगलीत मुलांना पेटी शिकवते. मागच्या दिवाळीत तिच्याकडं गेलो होतो. चहा देताना सहज म्हणाली, "आता आई कशी गायची, ते आठवतच न्हाई बघ."

मी कप घेतला. चहा चांगला झालाय, असं म्हणालो.