सुरेशची जागा

आधीच सांगतो, भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. आजही जातो. पण हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय, त्याला काय करू?

साल १९८७. मी निपाणीचा, बेळगावात इंजिनिअरिंगला. कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं, देवळात जावं तसं. माझा जिवलग दोस्त सुरेश, उचगावचा. आमचा पाच जणांचा प्रोजेक्ट होता – मुलांची नावं घेऊन निकाल छापणारा, पास्कल भाषेतला प्रोग्रॅम. पास्कलमध्ये ॲरे, म्हणजे नावं ठेवायची जागा, केवढा ते आधीच ठरवावं लागायचं. सुरेशला ते पटेना. "माणसं किती येणार ते आधी कसं सांगायचं रं? आली की विचारायचं, तेवढीच जागा मागून घ्यायची!" त्यानं तसा प्रोग्रॅम लिहिलाही. चालवताना आकडा विचारायचा, तेवढी मेमरी घ्यायची. काम झाल्यावर ती परत करायची ओळ तेवढी राहिली होती.

त्याच आठवड्यात मार्कंडेय नदीला पूर आला. सायकल सापडली... सुरेश नाही.

त्याच्या आईला आम्ही मावशी म्हणायचो. मावशी रडली नाही. रोज दुपारी त्याचं ताट वाढून ठेवायची. भावकी दिवस करायला सांगायला आली, तर तिनं दारातनंच परत लावली. "गावलाय का अजून? न्हाय न्हवं? मग गप बसा. भूक लागली की येतोय त्यो." बाईचा सगळा जीव त्या ताटात अडकला होता. मला बघवायचं नाही.

प्रोजेक्ट दाखवायचा दिवस आला. दुपारची वेळ. सर शेजारी, बाकीचे तिघं मागे उभे. प्रोग्रॅमनं आकडा विचारला. जड हातानं मी चार टाकला, चौघांची नावं टाइप केली.

स्क्रीनवर पाच आली. पाचवं – सुरेश.

"गार्बेज आहे," सर म्हणाले. "मेमरीत जुनं काहीबाही उरतं." मेमरी पुसून जावी म्हणून मशीन बंद करून परत चालू केलं. पुन्हा पाच! अहो, प्रोग्रॅममध्ये त्याचं नाव कुठंच नव्हतं, मी ओळ न् ओळ तपासली. सर मात्र चिडले. "घेतलेली जागा परत केलीच नाहीये तुम्ही. जागा सोडायची ओळ, फ्रीमेम, ती लिही आधी."

खरं सांगतो, हात धजेना. तरी लिहिलं, चालवलं. चारच नावं आली. जाणकार म्हणतील, सगळं छापून झाल्यावर चालणारी ती शेवटची ओळ आधी छापलेलं नाव कसं पुसेल? तेच तर मीही विचारतोय.

संध्याकाळी हॉस्टेलवर निरोप आला. सुरेश गावला होता, नदीच्या खालच्या अंगाला, झुडपात अडकलेला.

उचगावला पोचलो तर मावशी चुलीपाशी बसलेली. त्याचं ताट घासून पालथं घातलेलं. तिची जाऊ कुजबुजली, "निरोप यायच्या आदीच काढलं बघ हिनं. दुपारीच."

मला बघून मावशी बोलली. "दारात आलता रं. म्हणाला, आई, जागा सोडली मी, आता ताट काढ." आणि पहिल्यांदाच ती हंबरडा फोडून रडली. माझा हात घट्ट धरून विचारत राहिली, "कुणी सोडाय लावली रं त्याला जागा? कुणी?"

मी मान खाली घातली. ज्या हातानं ती ओळ लिहिली, तोच तिनं धरला होता.