कंडक्टरमामा आणि मागची गाडी

रस्त्यात कोणी टोमणा मारला, तर कंडक्टरमामा त्याला तिकीट देत. खरं तिकीट नव्हे, एस.टी.तून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती आणि काचबिंदूने डोळेही जवळजवळ गेले होते. तिकीट म्हणजे उत्तर. "कोनी टोमना मारला म्हंजे तो आपल्या गाडीत चढला," ते म्हणत. "मंग त्याले तिकीट द्याचं आन् पुढच्या स्टॉपवर उतरवून द्याचं. फुकट बसवून घरी नाही न्याचं." मी मात्र त्या काळात रोज चार-सहा जणांना फुकट बसवून घरी आणत असे, आणि ते सगळे माझ्या डोक्यात मुक्कामाला राहत.

आमचं गाव मोताळ्यापासून सहा किलोमीटर. लग्नाआधी मी मोताळ्याला एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायच्या कामाला होते, आणि जाण्यायेण्याचे माझे फार हाल होत. सकाळची एस.टी. यायची तर यायची. ऑटोवाला चार माणसं बाहेर लोंबकळल्याशिवाय ऑटो हलवत नसे. मामा आमच्या शेजारी राहत. तीस वर्षं रोज फिरलेला माणूस, तो घरी बसल्यापासून मामीच्या जिवाला घोर झाला होता. एकटं पाठवायची तिची छाती नव्हती, आणि ऑटोत बसायला मामा तयार नव्हते. "मले लगेजसारखं कोंबतात तिथी," म्हणायचे. एक दिवस चाचपडत आमच्या अंगणात आले आणि म्हणाले, "पोरी, तुले गाडी पाह्यजे, मले डोये. जमवू का?"

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पंधरा दिवसांनी मोताळ्याच्या एका वेल्डिंगवाल्याने दोन जुन्या सायकली कापून आणि सांधून एक लांबलचक प्रकरण त्यांच्या दारात आणून उभं केलं. पुढचा भाग हिरवा, मागचा काळा. दोन सीटा, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या. गावाने लगेच तिचं नाव रेल्वे ठेवलं. मामा तिला यष्टीच म्हणत. पुढे मी, मागे ते. मला त्यांनी पुन्हा कधी नावाने हाक मारली नाही, डायवर म्हणूनच मारली. घंटी माझ्या हँडलला लावू द्यायला मात्र ते तयार झाले नाहीत. "घंटी कंडक्टरच्या हातात असते," म्हणाले आणि मागच्या हँडलला बसवून घेतली. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं. गुरं आडवी आली तर मी तोंडाने ओरडायचं. फाट्यावरच्या हॉटेलातून भज्यांचा वास आला की हमखास एक घंटी पडे, आणि खाऊन झाल्यावर डबल घंटी पडल्याशिवाय मी पाय उचललेला त्यांना चालत नसे.

बाई पुढे आणि बाप्या मागे, हे आमच्या रस्त्याला पचण्यासारखं नव्हतं. कापूस वेचायला निघालेल्या बाया दुरूनच सुरू होत, "ओ मामा, मामीले सोडून कुठी चालले?" मामा तोंड न वळवता म्हणत, "मामीचं रिझर्वेशन कन्फर्म नाही झालं!" एक पोरगा मोबाईल धरून सायकलीच्या बाजूने पळत सुटला होता. "मामा, हात हालवा, व्हायरल होऊन जाल!" मामा म्हणाले, "व्हायरल तं ताप असते बावा. तू दवाखान्यात जाय, मले कायले देतं?" पोरगा हसता हसता फोन खिशात घालून मागे राहिला. मी मान खाली घालून पायडल मारत होते. खरं तर पुढच्याने मान खाली घालून चालत नाही.

सगळ्यात ठरलेला टोमणा एकच होता. मोताळ्यापर्यंत तो दोन-तीनदा तरी ऐकावा लागे. "ओ ताई, मागचा पाय मारून नाही राह्यला!" जोडसायकलीची गंमत अशी, की दोन्ही पायडलं साखळीने एकमेकांना बांधलेली असतात. मागच्याने जोर लावला काय, न लावला काय, त्याचे पाय फिरतच राहतात. बघणाऱ्याला काही कळत नाही, ते फक्त पुढच्याला कळतं. आणि मला कळत होतं. नाल्याच्या पुढच्या चढावर मला धाप लागली की मागून असा रेटा यायचा, की त्या सत्तरीच्या पायांत एवढं बळ कुठून येतं याचं नवल वाटे. तरी मामा टोमणा मारणाऱ्याला सांगत, "कंडक्टर आहो बावा! कंडक्टरनं गाडी चालवली तं डायवर काय तिकिटं फाडीन?"

एकदा मी चिडले. "मामा, सांगा ना त्याइले, चढावर तं तुम्हीच ओढता."

"कायले? हासाले काही तं पाह्यजे त्याइले. उन्हात उभे आहेत बिचारे."

मोताळ्याच्या स्टँडवर त्यांना सोडून मी दुकानात जाई. संध्याकाळपर्यंत ते तिथल्या बाकावर बसत. इंजिनाच्या आवाजावरून कोणती गाडी, घंटीच्या ठोक्यावरून कोणता कंडक्टर, हे त्यांना समजे. बोचकी घेतलेल्या बाया फलाटावरच्या पाटीकडे न बघता सरळ त्यांच्याकडे येत. "मामा, बुलडान्याची गेली का?" "नाही गेली. आता लागली पाहा त्या कोपऱ्याले, धावा." नवे कंडक्टर वाकून नमस्कार करत, चहा पाजत. घरी ओसरीवर बसलेले मामा आणि स्टँडवरचे मामा ही दोन वेगळी माणसं होती. मोताळ्याला माझी नोकरी होती, पण त्यांचा जीव तिथे होता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची मला सोय नाही.

कोणी म्हणे, "मामा, आम्हालेबी बसू द्या की." त्यावरचं तिकीट छापलेलंच होतं. "फुल झाली! मागची येऊन राह्यली, खाली आहे!" प्रत्येक कंडक्टर फाट्यावरच्या माणसांना हेच सांगत आला आहे. मागची गाडी कधी रिकामी नसते, पुष्कळदा ती नसतेच. मी मामांना विचारलं, "किती जनाइले हे खोटं सांगतलं असन तुम्ही?" ते म्हणाले, "खोटं नसते ते, डायवर. फाट्यावर उभ्या मान्साले नुस्तं नाही म्हनून सोडून जाता येत नाही. मागून काही तरी येऊन राह्यलं, एवढं तं त्याच्यापाशी ठेवा लागते."

एका बाजाराच्या दिवशी पानटपरीवर उभ्या असलेल्या पोरांतून आवाज आला, "म्हाताऱ्यानं नवी केली वाटते रे!" एक घंटी पडली. मी थांबले. मामा उतरले आणि आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "जयभीम बावा. आवाज ओळखीचा आहे. तू पोटात होता तवा तुह्या मायले डिलिव्हरीसाठी मीच बुलडान्याले नेलं. मधी एकबी स्टॉप घेतला नाही. तवाबी असाच बोंबलत होता का, इचार तिले." टपरीवर हशा पिकला. खरंच त्यांनी आवाज ओळखला होता की नुसतीच थाप होती, कोण जाणे. पोरगा चपलांकडे बघत राहिला. त्याला तिकीट मिळालं होतं, त्याचा प्रवास तिथे संपला होता. मी मात्र त्यालाही घरी घेऊन आले.

त्यानंतर महिन्याभरात मेहकरचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, शिक्षक होता. पोहे खाता खाता त्याचे मामा माझ्या बाबांना म्हणाले, "पोरगी दोन शिटाच्या सायकलीवर म्हाताऱ्याले घेऊन फिरते म्हने. बरं नाही दिसत ते." बाबांनी हसून विषय बदलला. आईने फक्त माझ्याकडे पाहिलं. कोणी मला सायकल सोड म्हणालं नाही. ती सोडायचा निर्णय माझा एकटीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा धुतलेला शर्ट घालून, भाकरीची पिशवी घेऊन सायकलीजवळ उभे होते.

"मामा, पंक्चर आहे," मी म्हटलं.

"पुढचं का मागचं?"

"मागचं."

ते वाकले. हाताने चाचपून त्यांनी मागचं टायर शोधलं आणि अंगठ्याने दाबून पाहिलं. आदल्या संध्याकाळी मीच त्यात हवा भरली होती, टायर दगडासारखं टणक होतं.

"हाव," ते म्हणाले. "हवाच नाही." मग सरळ होत म्हणाले, "जाय तू ऑटोनं. उशीर होईन तुले."

मी गेले. दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्या दिवशीही. "डायवर, निघालं का पंक्चर?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सगळं सांगून टाकलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगते. ते ओसरीवर बसून राहत. रस्त्याने एस.टी. गेली की मान वर करत, आवाज संपेपर्यंत ऐकत आणि मान परत खाली घालत. मी ऑटोकडे जाताना त्यांच्या दारावरून पाय न वाजवता जात असे. आंधळ्या माणसासमोरून चोरासारखं जाण्याइतकी लाज दुसरी नाही.

लग्न झालं. निघायच्या वेळी आई रडत होती, बाया रडत होत्या, गाडीचा ड्रायव्हर घाई करत होता. गर्दीतून मामीचा हात धरून मामा आले. त्यांच्या हातात घंटी होती, सायकलीवरून सोडवून आणलेली. गाडीच्या पत्र्याला हात लावून त्यांनी दार बंद असल्याची खात्री केली आणि दोनदा वाजवली. "जाऊ द्या," म्हणाले. ड्रायव्हर हसला आणि त्याने गाडी सोडली. मी काच खाली करून काही तरी बोलायला हवं होतं.

मेहकरला आल्यावर आठ-दहा दिवसांनी नवरा म्हणाला, "तुमची ती दोन शिटाची सायकल कुठी आहे? पाह्याले आलो तवा मले तेच पाह्याचं होतं. आमच्या मामासमोर बोलता नाही आलं." मी स्वयंपाकघरात जाऊन खूप वेळ भांडी घासत बसले.

माहेरी गेले की मी मामांना भेटत असे. ते मेहकरच्या गाड्यांची चौकशी करत, मी सांगत असे. सायकल त्यांच्या दारातल्या कडुनिंबाखाली उभी असायची, मागचं टायर बसलेलं. हवा आपोआप उतरली असेल, असं मला वाटायचं. तिच्याबद्दल मी बोलत नसे, तेही बोलत नसत. पाच वर्षं अशीच गेली आणि गेल्या हिवाळ्यात मामा गेले.

पुण्यानुमोदनाला मी गावी गेले. सगळे पांगल्यावर मामीने मला जवळ बसवलं आणि त्यांची कंडक्टरची चामडी पिशवी उघडली. आत कागदाच्या पुडीत एक पितळी वाल होता, सायकलीच्या ट्यूबमध्ये हवा धरून ठेवतो तो.

"तू ऑटोनं गेली ना पहिल्या दिवशी," मामी म्हणाली, "तवाच काढून ठेवला त्यानं. म्या म्हनलं, काहो, चांगली टंच हवा होती, काऊन सोडली? तं म्हने, पोरीनं पंक्चर सांगतलं. कोनी दाबून पाह्यलं तं पोरगी खोटी पडन. राहू दे बसलेलं."

पाच वर्षं त्यांनी माझं खोटं खरं करून ठेवलं होतं. ते स्टँडला मुकले, गाड्यांना मुकले आणि माझा शब्द मात्र त्यांनी पडू दिला नाही. मी मामीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मामी पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुले दोष नव्हता देत तो, माय." दोष दिला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाल बसवला आणि दोन्ही चाकांत हवा भरली. टायरं तडकली होती, तरी त्यांनी हवा धरली. घंटी मामांनी परत जागेवर बसवलेली होती, मागच्या हँडलला. मोताळ्याला माझं काही काम नव्हतं. मी निघाले. मागची पायडलं रिकामीच गरगरत होती. नाल्याच्या चढावर मी अर्ध्यात थकले आणि उतरून सायकल ढकलत नेली.

फाट्यावर भज्यांचा वास आला आणि सवयीने माझा पाय जमिनीला टेकला. हॉटेलाच्या बाकावरून एक अनोळखी माणूस ओरडला, "ओ ताई, मागचा कुठी पडला हो?"

सगळे हसले. माझे कान तापले, पण या वेळी मी मान वर केली.

"मागच्या गाडीनं येऊन राह्यले!" मी म्हटलं.

तो माणूसही हसला आणि भज्यांकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तिकीट दिलं होतं. आता निघायचं होतं. एक पाय जमिनीवर आणि एक पायडलवर ठेवून मी तशीच उभी राहिले. डबल घंटी पडल्याशिवाय डायवरने गाडी हलवायची नसते.