बसासर आणि त्यांची बाहेर न जाणारी पुस्तकं

प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला उत्तर द्यायचं नाही, आधी खुर्ची द्यायची, ही आमच्या कॉलेजच्या संदर्भ विभागातल्या सरांची रीत होती. "बसा," म्हणायचे. अकरावीतली पोरगी असो की इतिहासाचे विभागप्रमुख, सगळ्यांना बसा. मुलांनी त्यांचं नाव बसासर ठेवलं आणि ते त्यांना ठाऊकही होतं. मला कुणी कधी टोपणनाव ठेवलं नाही. एवढ्याशा गोष्टीनंही माझा जीव जळायचा, हे आधीच सांगून टाकते.

जालन्याच्या त्या कॉलेजात आम्ही दोघं एकाच आठवड्यात लागलो, एक्याऐंशी साली. ते मूळचे जाफराबादकडचे, वयानं माझ्याहून बरेच मोठे, पण हुद्दा सारखाच. त्यांच्या वाट्याला ग्रंथालयाची आतली खोली आली. उंच खिडक्या, लांब टेबलं, कोश, नकाशे, गॅझेटियर. माझ्या वाट्याला दारातला देवघेवीचा काउंटर. माझ्यासमोर मुलं रांगेत उभी राहायची, पुस्तक घ्यायची आणि एसटी गाठायला पळायची. त्यांच्याकडे मात्र तासन्‌तास बसायची. एकदा मी शिपायाला सांगून काउंटरसमोर स्टूल ठेवून घेतलं. त्यावर मुलं पिशव्या ठेवू लागली.

धावडा गावची एक मुलगी कपाशीची पानं लाल का पडतात, ते विचारायला माझ्याकडे आली. मी झटकन शेतीचं पुस्तक काढलं, शिक्का मारला आणि दिलं. दुसऱ्या दिवशी ते परत करून ती आत गेली. बसासरांनी तिच्यापुढे दोन ग्रंथ उघडून ठेवले आणि स्वतः फडकं घेऊन कपाटं पुसत बसले. दोन ग्रंथांत कारणं वेगवेगळी निघाली. ती बिचारी गोंधळून सांगायला गेली, तर म्हणाले, "मंग बराबर हाय. भांडू द्या त्यांना. तुमच्या वावरात काय दिसतं ते बघून या." पुढच्या सोमवारी ती वहीत लाल पानं घालून आली आणि माझ्यासमोरून तडक आतल्या खोलीत गेली. ती पानं मला कुणी दाखवली नाहीत.

संदर्भग्रंथ खोलीबाहेर जात नाही, हा नियम तर त्यांनी देवासारखा सांभाळला. एकदा खुद्द प्राचार्यांनी मुलासाठी नकाशांचं मोठं पुस्तक एका रात्रीपुरतं घरी मागितलं. सर म्हणाले, "बाहेर न्हाई जात, सर. पोराला घेऊन या, बसू आपण." दुसऱ्या दिवशी प्राचार्य खरंच मुलाला घेऊन आले आणि स्वतःही तासभर बसले. स्टाफरूममध्ये हा किस्सा कितीतरी दिवस कौतुकानं सांगितला गेला. मी असं बोलले असते तर हातात मेमो पडला असता.

नव्वदचं दशक सरत आलं आणि कॉलेजात कॉम्प्युटर आले. त्यांना लागणार होती नेमकी तीच खोली. कोशाचे नवे खंड घेणं बंद झालं, त्यांच्या जागी सीडी आल्या. जुने ग्रंथ व्हरांड्यातल्या कपाटांत कुलूपबंद करायचे ठरले. मी औरंगाबादला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स करून आले होते, म्हणून खोलीचा ताबा माझ्याकडे आला. मला आनंद झाला. सर आता भांडतील, निदान रुसतील तरी, आणि ते मला बघायला मिळेल, असं वाटत होतं.

ते दोन्ही हातांत कोशाचे खंड घेऊन माझ्या काउंटरवर आले. म्हणाले, "ह्यांना कार्डं लावा, बाई. मुलांना घरी नेऊ द्या." मी म्हटलं, सर, हे तर संदर्भग्रंथ. ते म्हणाले, "कुलपात कोण उघडंल त्यांना?" प्राचार्यांची परवानगीही ते आधीच घेऊन आले होते. त्या आठवड्यात एक खंड जाफराबादला गेला, एक अंबडकडे, एक कुठल्याशा वस्तीवर. नियमासाठी प्राचार्यांना अडवणारा हा माणूस रांगेशेजारी उभा राहून खंड निघताना बघत होता.

खोलीत आता स्पर्धा परीक्षेची मुलं पडद्यासमोर बसायला लागली. एकाला मी सरांच्याच थाटात "बसा, बघू या" म्हणून पाहिलं. "नको मॅडम, सापडलं," म्हणून तो उठूनही गेला. सरांना माझ्या काउंटरशेजारी एक टेबल दिलं होतं. खोली माझी झाली तरी मुलं त्या टेबलाशीच घोळका करायची, आणि मी पुन्हा होते तिथेच.

मग त्यांच्या निवृत्तीचा समारंभ झाला. सगळ्यांची भाषणं झाल्यावर सर उठले. वाटलं, खोलीबद्दल बोलतील. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्या पुस्तकांनी कुणाचं घर पाह्यलं न्हाई. बाईंची पुस्तकं वावरात गेली, बाजेवर गेली, लेकरू मांडीवर घेऊन बायांनी वाचली. मी इतकी वर्षं आतून ह्यांचा काउंटर बघून जळत राह्यलो. शेवटी न्हाई राहवलं, म्हणून माझीबी पुस्तकं यांच्याकडं दिली."

सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नंतर आभार मानायला मलाच उठायचं होतं. माझ्याही पोटात इतक्या वर्षांचं तेच होतं, तोंडापर्यंत आलंही, पण मी पाहुण्यांचे, प्राचार्यांचे आणि मंडपवाल्याचे आभार मानून खाली बसले. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या खोलीचं मला काही वाटत नाही, मुलांच्या घोळक्याचंही नाही. भरसभेत हसत हसत "मी जळत होतो" म्हणता येणाऱ्या त्या माणसाचा हेवा मात्र मला अजून वाटतो.