हिरवी उलटी आणि भाऊचा प्रश्न

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या कोरीट गावच्या शेतात मिरची तोडून घेत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "सुनीताबाई, डॉक्टर गेले..." माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आता ममताच्या पोटाचं काय?

भाऊ माझा चुलतभाऊ, नंदुरबारला लहान मुलांचा सर्जन. एक नंबरचा खडूस. माझी लेक ममता लहान असताना एकदा तिचं पोट एकाएकी दुखायला लागलं. आमच्याकडे पोट दुखलं की बेंबी सरकली, हे ठरलेलंच. सासूबाईंनी तेल चोळलं, बेंबीवर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला. पोर कळवळत होती, ओकत होती. मी भाऊला औषध विचारायला फोन केला.

"सुनी, उलटीना रंग कसा शे?"

"हिरवा."

"हिरवा म्हणजे आतडं अडकनं. तांब्या काढ. तोंडमा पाणी बी नको. आत्ते निंघ!"

दवाखान्यात फोटो काढला. आतडं अडलेलं दिसलं, पण कशानं ते कळेना. भाऊनं लगेच पोट उघडलं. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याला जन्मापासूनच भोक होतं. त्यात आतडं शिरून आवळलं गेलं होतं, थोडं काळंही पडलं होतं. तेवढं कापून त्यानं जोडलं आणि मला सांगितलं, हा हर्नियाच. मी म्हटलं, "हर्निया तर बाहेर फुगतो ना?"

"हाऊ मझारना, पोटना आतला शे, बाहेर दिसस नही. गोधडीनी उसवेल शिवणमा पाय अडकस, तसं."

मग वाट पाहणं सुरू झालं. वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. भाऊ येता-जाता एकच विचारायचा, "पादनी का?" ज्या सकाळी ममतानं लाजत मान हलवली, त्या सकाळी हा खडूस माणूस वॉर्डात टाळ्या पिटत सुटला!

पुढे तोच त्याचा रामराम झाला. भरबाजारात, लग्नाच्या पंगतीत, भाऊबीजेला... "भाची, पादनी का?" कॉलेजात जाणारी पोर संतापायची. पण टाक्यांच्या जागी आतडं चिकटून पुन्हा अडू शकतं, हे तो विसरला नव्हता.

परवा दुपारी ममता पोट धरून बसली. मी सवयीनं फोन हातात घेतला... कोणाला करणार? उलटी नव्हती, पोट मऊ होतं. जरा वेळानं तिचा चेहरा सैलावला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पादनी का?"

एरवी चिडली असती. खाली बघत म्हणाली, "हां, मामा."

मग आम्ही दोघी रडलो.