उस्तादांची नापसंती

ऐका हो ऐका! निजामाच्या अमलात भालकीच्या शाळेत जे घडलं, ते कुठल्याही इतिहासात नोंदलेलं नाही. ही राष्ट्रीय उणीव मी आज घसा खाकरून भरून काढत आहे. आमच्या उर्दूच्या उस्तादांना जगातलं काहीही आवडत नसे.

"सख़्त नापसंद!" हे त्यांचं पालुपद. शेरवानीवरची धूळ झटकत ते वर्गात येत. झटका धुळीला, शब्द आम्हाला. हैदराबाद सोडून इथं यावं लागलं, त्याचा सूड ते आमच्या तळव्यांवर उगवत. भालकीचं पाणी नापसंद, ऊस नापसंद आणि मराठी तर इतकी नापसंद, की वर्गात तिचा एक शब्द निघाला तरी छडी.

रोज सकाळी प्रत्येकानं उभं राहून उर्दूत एक आवड आणि एक नावड सांगायची, ही त्यांची शिकवायची तऱ्हा. धनगराचा बिराप्पा आमच्यात सर्वांत उंच. तो एकदा म्हणाला, "मुझे मेंढी पसंद है. मुझे छडी नापसंद है." दोन्हींबद्दल छड्या मिळाल्या. मेंढीबद्दलची, ती मराठी निघाली म्हणून.

त्याच बिराप्पानं थंडीत शेतातला भाजलेला गरम हुरडा फडक्यात बांधून आणला. उस्तादांनी वास घेतला. "जानवरों का चारा! सख़्त नापसंद! ज़ब्त!" गाठोडं कपाटात गेलं. संध्याकाळी परत आलं ते नुसतं फडकं. दर थंडीत हेच. तुम्हीच काय ते समजा.

एकदा हैदराबादहून शाळा तपासायला साहेब येणार होते. आदल्या दिवशी उस्ताद पहिल्यांदाच हळू बोलले. साहेब माझ्याबद्दल विचारतील, सगळ्यांनी 'नापसंद' म्हणायचं. तक्रार झाली की बदली होईल, मी घरी जाईन. आम्हालाही क्षणभर कसंतरी झालं. पण तळवे अजून हुळहुळत होते.

मधल्या सुट्टीत बिराप्पा म्हणाला, "आपल्या मनातलंच हाय की ते. पर त्याला पायजे म्हून कामून बोलायचं?"

साहेबांनी विचारलं, "तुम्हारे उस्ताद कैसे हैं?"

बिराप्पानं छातीवर हात ठेवला. "बहुत पसंद हैं, हुज़ूर!"

"बहुत पसंद!" सगळा वर्ग गरजला.

साहेब गहिवरले. असा शिक्षक इथून हलवणं पाप आहे, असं सांगून गेले. त्या दिवशी छडी मोडली आणि नवी आणावी लागली.

बदली झाली ती आम्ही शेवटच्या वर्गात असताना, ऐन हुरड्याच्या दिवसांत. स्टेशनवर सगळा वर्ग हजर. निरोप द्यायला नव्हे. माणूस खरोखर जातो का, ते बघायला. उस्ताद आमच्याकडे पाठ करून डब्यात बसले. गाडी हलली आणि अचानक खिडकीतून रुमी टोपी बाहेर आली. आमच्या रिकाम्या हातांवरून त्यांची नजर एकदा फिरली. ज्या तोंडातून आम्ही कधी मराठी ऐकली नव्हती, ते तोंड सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं ओरडलं,

"नालायकांनो, हुरडा कामून आणला न्हाई रे?"