सामन्याच्या सकाळचं लग्न

तांबाकसारीच्या गल्लीत बू वार्सिनीला, म्हणजे वार्सिनीबाईला, कुणी विचारलं, "सामना कधी?" तर ती तारीख सांगत नसे. "हिरवं कापड संपत आलंय, म्हणजे आलाच जवळ," एवढंच म्हणे. फुटबॉलच्या मैदानावर सुराबायाच्या हिरव्यांची मलांगच्या निळ्यांशी गाठ पडायची असली की तिच्या शिलाई मशीनला दम खायला फुरसत नसे. झेंडे, गळपट्टे, बाळांची झबली, सगळं हिरवं. ओसरीत कापड असं पसरलेलं असे की पाहुण्याला चप्पल काढायला जागा सापडत नसे.

आणि या बाईने नवरा केला तो मलांगचा!

प्रायित्नो बुटांच्या कारखान्यात कामाला म्हणून सुराबायाला आला आणि तिच्याकडे पँट आखूड करायला टाकून कायमचा इथला झाला. पण सामन्याच्या दिवशी त्याला हटकून ताप भरे. पांघरुणात तो आणि त्याच्यासोबत रेडिओ. गल्लीतली पोरं त्याला पाक, म्हणजे बाबा, म्हणत आणि दार वाजवत. "पाक, आज मलांगच्या सिंहाला काय झालं? शेपूट दुखतंय?" तो आतून नुसता खोके. मलांगने गोल केला की खोकला वाढे. अख्ख्या गल्लीला हे ठाऊक होतं आणि कुणी त्याला कधी बोट लावलं नाही. तो गेला तेव्हा याच पोरांनी खांदा दिला. कबरीवर माती टाकून परतताना याच पोरांनी रस्त्यात हिरव्यांचं गाणंही म्हटलं. दोन्ही खरं. वार्सिनीने पहिलं लक्षात ठेवलं आणि दुसरं गिळलं. अशा गिळण्यावरच तर माणसाला गल्लीत राहता येतं.

आता मुलगी रेत्नोचं लग्न निघालं. दोघांचे जन्मवार जुळवून म्हाताऱ्या जोशाने एकच दिवस काढून दिला होता, रविवारचा. तो चुकवला तर संसारात अन्न टिकणार नाही, असं बजावून. आमंत्रणं गेली, आचारी सांगून झाला, आणि मग पोलिसांनी बंदोबस्ताच्या सोयीने सामना पुढे ढकलला. तो नेमका त्याच रविवारी.

"जोशीबुवाला विचार ना, गोल किती होणार!" शेजारीण हसली.

वार्सिनीला हसू आलं नाही. रेत्नोला बाप नाही, आजा नाही, भाऊ नाही. मग तिचा हात नवऱ्याच्या हातात देणार कोण? वली, म्हणजे मुलीचा पालक, म्हणून बसायचा हक्क उरला एकट्या काकाचा. आणि काका, म्हणजे प्रायित्नोचा थोरला भाऊ पाकदे वागिमान, मलांगचा. त्याच्या गाडीच्या नंबराच्या पाटीवरचं पहिलं अक्षरच मलांगचं. सामन्याच्या दिवशी असली गाडी सुराबायात आली तर काचा शाबूत राहत नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल. काका आला नाही तर सरकारी कचेरीतला कुणी परका माणूस काकाच्या जागी बसणार, आणि अख्खी गल्ली म्हणणार, पोरीला मागे-पुढे कुणी नाही.

तिने फोनवर सुचवून पाहिलं, "पाकदे, शहराबाहेर सिदोआर्जोपर्यंत या आणि तिथून भाड्याची गाडी करा ना."

"का? माझ्या गाडीने कुणाची कोंबडी मारलीय?"

"पाटीवर नुसता कागद चिकटवला तरी..."

"तुझ्या नवऱ्याने जन्मभर तोंडावर पांघरूण घेतलं, वार्सी. मी नाही घेणार. येईन तर तोंड उघडं ठेवून येईन."

पण येईन म्हणाला. तिला तेवढं पुरे होतं.

शुक्रवारी गेंदोन आला. गल्लीच्या हिरव्या टोळीचा म्होरक्या, पोट पुढे, गळ्यात शिट्टी. त्याच्या मागून चौघांनी कापडाचा गठ्ठा आणून टाकला.

"बू, यंदा मोठं काम आहे. मैदानात सोडायचा भलाथोरला पडदा. त्यावर आपली मगर. आणि मगरीसमोर त्यांचा सिंह."

"मगर करते. सिंह दुसरीकडून करून घे."

"अगं बू, तुझ्याइतकी सफाई कुणाकडे आहे? तो पलीकडचा शिंपी! त्याची मगर म्हणजे पाल. मागच्या खेपेला टीव्हीवर दिसली, आम्हाला तोंड लपवावं लागलं."

ती खुलली. खुलणारच. हिरवी तर ती जन्मापासून होती, नवऱ्याने तेवढी मध्ये थोडी निळी कड लावली होती.

"बरं. सिंह काय करतोय?"

"काही नाही करत. मेलाय. कफनात गुंडाळायचाय, उड्या मारत हिंडणाऱ्या कफनातल्या भुतासारखा. डोक्यावर गाठ. डोळे हे एवढे!" गेंदोनने डोळे फिरवून, हात अंगाशी आवळून ओसरीभर उड्या मारून दाखवल्या. पोरं लोळायची बाकी राहिली. तीही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आणि मग पांढरं सुती कापड घेऊन बसली ते दिवेलागणीपर्यंत उठली नाही. लग्नाच्या खर्चाला हातभार, असं ती नंतर स्वतःला सांगणार होती. पण खरं म्हणजे तिला मजा येत होती. सिंहाच्या डोक्यावरची गाठ पहिल्यांदा बसेना, तेव्हा ती उसवून तिने पुन्हा घातली.

गेंदोनने फोन काढून तिचं चित्रण केलं. "मगरीच्या आईला सलाम! बू, इकडे बघ, हस!"

ती हसली. गाठीवर हात ठेवून हसली.

शनिवारी सकाळी पाकदेचा फोन आला. रेत्नो हातांना मेंदी लावून बसली होती, म्हणून वार्सिनी फोन घेऊन मोरीत गेली.

"बघितलं मी," पाकदे म्हणाला.

"काय?"

"सगळ्या मलांगने बघितलं. माझ्या सुनेने फोनवर दाखवलं. म्हणाली, ही आपली काकूच ना?"

वार्सिनीने मोरीचा नळ सोडला आणि पुन्हा बंद केला. "पाकदे, ऑर्डर होती. पोरांचं काम. त्यांची थट्टा असते..."

"थट्टा कळते मला. आम्ही पण मगरी शिजवतो पडद्यावर. मसाला लावून शिजवतो." "पण कफन कुणी बांधलं त्या सिंहाला?"

"मी."

"प्रायित्नोच्या वेळी कापड कापायला कोण बसलं होतं?"

त्या दिवशी कापड तिनेच कापलं होतं. याच कात्रीने, याच ओसरीत. काल तिला ते आठवलं नव्हतं, आणि न आठवणं हे आठवूनही करण्यापेक्षा वाईट, एवढं तिला या क्षणी कळलं.

"पाकदे, उद्या येणार ना तुम्ही? पोरीचा काय दोष यात?"

"पोरीचा नाही. म्हणून येईन. तुलाही ऑर्डर होती ना? मलाही आहे, वरच्याची. काम करीन आणि जाईन."

तो आला. पाटी उघडी, काचा खाली, एकटा. बायको-पोरांना आणलं नव्हतं. भल्या सकाळी निघाला म्हणून वाटेत कुणी अडवलं नाही. नवरामुलगा फौझान समोर बसला. पाकदेने त्याचा हात धरला. "प्रायित्नोची मुलगी रेत्नो..." एवढं म्हणून त्याने फौझानचा हात आणखी घट्ट धरला. भावाचं नाव त्या घरात मोठ्याने आणि ताठ मानेने घेतलं जाण्याची ती पहिलीच वेळ असेल. बाहेर नाक्यावर ढोल सुरू झाले होते. साक्षीदारांनी "साह! साह!" म्हणून ते मान्य केलं, लग्न लागलं, आणि त्याच क्षणी नाक्यावरची पोरंही कशावर तरी ओरडली. कुणी कशासाठी जल्लोष केला ते कळेना.

रेत्नो काकाच्या गुडघ्यांवर डोकं टेकून रडली. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. वार्सिनी पुढे झाली, तसा तो उठला.

"रावोन केलंय, पाकदे. मांसाचा काळा रस्सा, तुम्हाला आवडतो तसा, दाट."

"पोट भरलंय."

"दोन घास तरी. पाहुणे बघतायत."

"बघू देत. तुला सवय आहे लोकांनी बघायची."

तिने घाईघाईने जेवणाचा डबा बांधून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. लग्नघरचं अन्न कुणी रस्त्यात टाकत नाही, निदान घरी तरी जाईल. पण गाडी नाक्यापर्यंत पोचेपर्यंत मैदानाकडे निघालेले ट्रक आडवे लागले होते. हिरवीगार गर्दी. एकाची नजर पाटीवर गेली.

"ए! मलांगची गाडी!"

बॉनेटवर पहिली थाप पडली. मग दुसरी. कुणीतरी हातात दगड उचलला. वार्सिनी लग्नाच्या नेसत्या लुगड्यानिशी धावली, वहाणा मागेच राहिल्या. गाडीपुढे येऊन तिने दोन्ही हात पसरले.

"हात लावाल तर बघा! माझा दीर आहे!"

"अरे, ही तर बू! मगरीची आई!" गेंदोनने ट्रकवरून शिट्टी फुंकली. "वाट द्या रे! बूचा पाहुणा आहे! सिंह असला तरी आज पाळीव आहे!"

गर्दी हसत हसत फाकली. ती पुढे आणि गाडी मागे, माणसाच्या चालीने. दोन्ही बाजूंनी पोरं तिला सलाम करत होती, "बू! बू!" करत होती. मागे वळून बघायची तिची छाती होत नव्हती. पाकदेची गाडी सुखरूप सुटत होती ती कशाच्या जोरावर, हे गाडीतल्या माणसालाही दिसत होतं.

मोठा रस्ता लागला तेव्हा ती बाजूला झाली. गाडी तिच्याशेजारी थांबली. पाकदेने मागे हात घालून डबा काढला आणि खिडकीतून तिच्या हातात दिला.

"पाकदे, हे नका करू."

"रेत्नोला बाळ झालं की कळव. तिला सांग कळवायला. तू नको करूस फोन."

गाडी गेली. ती डबा धरून उभी राहिली. मागून दोघं पोरं धावत आली, तोंडं हिरवी रंगवलेली.

"बू, नाही घेतला त्याने? काय आहे आत?"

"रावोन."

"मग आम्हाला दे ना! सकाळपासून पोटात काही नाही."

तिने दिला. ट्रकच्या फाळक्यावर बसून त्यांनी डबा उघडला, तिघाचौघांचे हात एकदम आत गेले. कुणी म्हणालं, "आयला, भारी झालंय!" ट्रक हलला. वार्सिनी अनवाणी घराकडे वळली. पाहुण्यांची दुसरी पंगत अजून बसायची होती.